घरचा आहेर द्यावा की नाही?

प्रश्न : मी पक्षाची जुनी कार्यकर्ती. सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केली, आज शहर कार्यकारिणीत आहे. आम्ही विरोधात होतो तेव्हा सरकार लोकांचे फोन चोरून ऐकतं म्हणून मोर्चा काढला होता, त्यात पहिल्या रांगेत मी होते. आता सत्ता आमची आहे आणि आमचंच सरकार एक विधेयक आणतंय. कुणाच्याही फोनच्या नोंदी आणि मेसेज तपास यंत्रणांना कोर्टाच्या परवानगीशिवाय मागवता येतील, खात्याच्या सचिवाची सही पुरेल. एका पत्रकाराच्या फोनवर पाळत आहे असंही कानावर येतंय. बैठकीत मी एवढंच विचारलं, "आपण ज्याला विरोध केला ते हेच नव्हतं का?" एकजण पाणी प्यायला उठला, बाकीचे आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. आमचे ज्येष्ठ नेते म्हणाले, "ताई, ज्याने काही केलंच नाही त्याला भ्यायचं काय कारण?" बाहेर आल्यावर, ज्या मुलाला मीच पक्षात आणलं तो म्हणाला, "काकू, निवडणूक तोंडावर आहे. विरोधकांच्या हाती कोलीत कशाला देताय?" रात्री ग्रुपवर कुणीतरी नाव न घेता 'अस्तनीतले निखारे' असा मेसेज टाकला. पक्ष सोडायचा नाही. गप्पही बसवत नाही. बोलायचं तर कुठे, किती आणि कसं? लेखी द्यायचं झालं तर माझ्या पदाच्या लेटरहेडवर देऊ का?
– एक कार्यकर्ती

उत्तर :

प्रिय ताई,

बोला. पक्षात राहून बोला. तुमच्या पत्रातला 'बोलू की नको' हा भाग तुम्ही बैठकीत तोंड उघडलंत तेव्हाच निकालात निघाला आहे. खरा प्रश्न 'कसं' हा आहे. त्याकडे येण्याआधी त्या दोन वाक्यांचा समाचार घेऊ, कारण ती तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकावी लागणार आहेत.

पहिलं वाक्य ज्येष्ठांचं. काही केलं नसेल तर भ्यायचं कशाला? त्यांना भर बैठकीत नव्हे, चहा घेताना एक विनंती करा. मागच्या निवडणुकीत उमेदवारांची यादी जाहीर झाली, त्याच्या आदल्या रात्रीचा त्यांचा सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडची कॉलची नोंद, सगळ्या कार्यकारिणीला दाखवतील का? संभाषण नको, नुसती फोनची यादी. रात्री साडेदहाला कुणाला फोन गेला, किती मिनिटं चालला, त्यानंतर लगेच तिसऱ्या कुणाला लागला, त्या वेळी फोन कोणत्या टॉवरखाली होता. या चार रकान्यांवरून ज्याला पक्षाची नाडी माहीत आहे तो सांगेल की कुणाचं तिकीट कुणाच्या सांगण्यावरून कापलं आणि कुणाची समजूत कुणी काढली. यात बेकायदा काहीही नाही. तरीही ते ही यादी देणार नाहीत आणि त्यांनी देऊही नये. राजकारण करायला, आजारपण काढायला, कर्जाची बोलणी करायला माणसाला थोडा आडोसा लागतो.

'आम्ही कुठे बोलणं ऐकतोय, नुसत्या नोंदीच तर घेतोय' हेही तुम्हाला ऐकवलं जाईल. अमेरिकेत २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या गुप्तचर संस्थेच्या कागदपत्रांतून जे पहिलं मोठं प्रकरण बाहेर आलं, ते अशा नुसत्या नोंदींचंच होतं. कोट्यवधी लोकांनी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याचा साठा. एकाचं बोलणं ऐकायला एक माणूस बसवावा लागतो. नोंदी मात्र संगणक चाळतो, आणि तो कंटाळत नाही.

आता एक गोष्ट तुमच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. सरकारच्या हाती कान आले की ते विरोधकांकडे वळतील असं सगळे धरून चालतात. पण सत्तेवर बसलेल्या माणसाला झोप न लागण्याचं कारण पुष्कळदा त्याच्याच घरात असतं. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत १९६९ ते १९७१ या काळात एफबीआयने, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेने, गुपचूप सतरा जणांचे फोन ऐकले. त्यांत चार पत्रकार होते, बाकी तेरा त्यांच्याच सरकारातले अधिकारी. भारतात रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद फोन टॅपिंगवरूनच सोडावं लागलं, आणि तिथेही स्वपक्षातल्या असंतुष्टांचे फोन ऐकल्याचा आरोप होता. चंद्रशेखर यांचं सरकार तर काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं. राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले, काँग्रेसने संसदेवर बहिष्कार टाकला आणि ६ मार्च १९९१ ला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. तेव्हा उद्या हे विधेयक पास झालं तर पहिला फोन कुणाचा ऐकला जाईल याचा विचार तुमच्या कार्यकारिणीतल्या प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणसाने करायला हरकत नाही. ज्यांना तत्त्वाची भाषा पटत नाही, त्यांना ही पटते असा माझा अनुभव आहे.

तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिलेलं नाही, पण मधूनमधून जाणवतं की 'आपली माणसं तशी नाहीत' हा विचार तुमच्याही मनात घर करून आहे. असेलही तसं. रॉबर्ट केनेडी यांच्याबद्दलही हेच म्हणता आलं असतं. अमेरिकेतलं नागरी हक्कांच्या बाजूचं सरकार, त्यातले ते ॲटर्नी जनरल, म्हणजे कायदामंत्री. तरी १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोन ऐकायला एफबीआयला परवानगी देणारी सही त्यांचीच. पुढच्याच वर्षी केनेडी त्या पदावरून गेले. किंग यांच्या संघटनेच्या कार्यालयातला फोन मात्र १९६६ पर्यंत ऐकला जात होता. सही करणारा चांगला होता की वाईट, हे त्या तारांना कळत नाही. सत्ता हे भाड्याचं घर आहे. तुम्ही भिंतीला पाडलेलं भोक पुढच्या भाडेकरूलाही तितकंच उपयोगी पडतं. तुमच्या विधेयकावर सही करणारा सचिव आज तुमच्या मंत्र्याच्या हाताखाली आहे, उद्या तो ज्यांच्या हाताखाली जाईल त्यांची नावं तुम्हाला तोंडपाठ असतील.

दुसरं वाक्य त्या मुलाचं, कोलिताचं. तो वाईट नाही, त्याच्यावर रागावू नका. निवडणुकीत घाम गाळणाऱ्याला असंच वाटतं. पण त्याला सांगा, कोलीत विरोधकांकडे कधीच पोचलेलं आहे. तुमच्या पक्षाची जुनी भाषणं, जुनी पत्रकं, त्या मोर्च्याचे फोटो सगळं त्यांच्याकडे आहे. ते बोलणारच. आणि लोक त्यांचं फारसं मनावर घेणार नाहीत, कारण या विषयावर खुर्चीप्रमाणे मत फिरतं हे लोकांना माहीत आहे. अमेरिकेतल्या प्यू संस्थेने २०१३ मध्ये ही फिरवाफिरवी आकड्यांत मांडली. २००६ मध्ये, रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांच्या काळात, अशी टेहळणी योग्य म्हणणारे रिपब्लिकन ७५ टक्के होते आणि डेमोक्रॅट ३७ टक्के. डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांच्या काळात, २०१३ मध्ये, रिपब्लिकन ५२ वर आले आणि डेमोक्रॅट ६४ वर गेले. दोन वेळच्या प्रश्नांचे शब्द तंतोतंत एक नव्हते, पण वारं कोणत्या बाजूला फिरलं ते दिसायला तेवढं पुरे.

म्हणूनच तुमच्या बोलण्याला भाव आहे. विरोधक ओरडला तर सरकार म्हणतं, याचं काय ऐकायचं, हा ओरडणारच. स्वतःचा कार्यकर्ता बोलला की तसं म्हणता येत नाही. त्याच २०१३ मध्ये, २४ जुलैला, अमेरिकी प्रतिनिधिगृहात फोन-नोंदींच्या साठ्याला कात्री लावणारी एक दुरुस्ती मतदानाला आली. मांडणारे दोघे, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट. ती २०५ विरुद्ध २१७ अशी पडली. बाजूने पडलेल्या २०५ मतांत १११ डेमोक्रॅट होते, म्हणजे स्वतःच्या अध्यक्षाच्या इच्छेविरुद्ध दिलेली मतं. दुरुस्ती हरली खरी, पण एवढी माणसं रेषेच्या अलीकडे आलेली पाहिल्यावर सरकारला आहे तसं पुढे रेटणं अवघड झालं. दोन वर्षांनी, २ जून २०१५ ला, तो सरसकट साठा बंद करणाऱ्या कायद्यावर ओबामांनीच सही केली. त्या कायद्याच्या पुढाकारात जिम सेन्सनब्रेनर होते, ज्यांनी २००१ चा पेट्रिअट ॲक्ट, म्हणजे ज्याच्या आधारे हा साठा होत होता तो कायदा, सभागृहात आणला होता तेच. आपण लिहिलेल्या कलमाचा असा अर्थ लावला जाईल असं आपल्या मनात नव्हतं, असं ते उघड म्हणाले. तुमच्या विधेयकाचा मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनातही आज बहुधा काही वाईट नसेल. ते मनातलं कागदावर उतरवून घ्या, इतकंच.

तुमच्या अधिक जवळचं एक उदाहरण आहे, कारण त्यात खासदार नव्हते, तुमच्यासारखे सतरंज्या उचलणारे होते. २००८ चा उन्हाळा. ओबामा तेव्हा उमेदवार. बेकायदा टेहळणीत सरकारला मदत करणाऱ्या टेलिफोन कंपन्यांना खटल्यांपासून अभय देणारं विधेयक आलं तर आपण ते अडवू, असं त्यांच्या बाजूने आधी सांगण्यात आलं होतं. जूनमध्ये त्यांनी सूर बदलला. तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी, त्यांच्याच प्रचाराच्या संकेतस्थळावर, 'विरोधात मत द्या' अशी विनंती करणारा गट उघडला. बघता बघता तो त्या संकेतस्थळावरचा सर्वात मोठा गट झाला. लोक पक्ष सोडून गेले नाहीत, दुसऱ्याच्या मांडवातही गेले नाहीत. ज्या ठिकाणी वर्गणी गोळा करत होते, फोन करायच्या याद्या वाटून घेत होते, तिथेच उभे राहून म्हणाले की हे आम्हाला पटलेलं नाही. उमेदवाराला ३ जुलैला त्यांना उत्तर लिहावं लागलं. पाठीराख्यांनी जाब विचारायचा असतो आणि त्यातून मीही सुटलेलो नाही, अशा अर्थाचं ते उत्तर होतं.

मग त्यांनी ९ जुलैला मत विधेयकाच्या बाजूनेच दिलं! हे मी लपवणार नाही. तुम्हालाही बहुधा असंच गोड उत्तर आणि कडू मत मिळेल. त्या कायद्यातलं, परदेशी लोकांवर वॉरंटशिवाय पाळत ठेवू देणारं कलम ७०२ पुढे स्नोडेनच्या कागदपत्रांत पुन्हा वर आलं, आणि तेव्हा कुणालाही असं म्हणायची सोय राहिली नाही की आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुमच्याशी एका मुद्द्यावर वाद घालतो. पत्राच्या शेवटच्या पानावर (ते इथे छापलेलं नाही) तुम्ही लिहिलंय की सरकारने कुणावरही पाळत ठेवूच नये. हे बोललात तर पहिल्या मिनिटात हराल. बाँब ठेवणारे, माणसं पळवणारे, पैशांचे व्यवहार लपवणारे यांचे फोन ऐकावे लागतात आणि तुमच्या सभेला बसलेल्या सामान्य माणसाला ते मान्य आहे. पेट्रिअट ॲक्ट ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सात आठवड्यांच्या आत आला. त्या वेळची भीती खोटी नव्हती. शंभर जणांच्या सिनेटमध्ये विरोधात एकच मत पडलं, रस फाइनगोल्ड यांचं. त्यांच्याच पक्षाचं सिनेटमध्ये बहुमत होतं आणि बाकी सगळा पक्ष बाजूने होता. त्यांचंही म्हणणं 'पाळत नको' असं नव्हतं, काही कलमं फार सैल आहेत, ती आवळा असं होतं. तुमची मागणी तशीच हवी.

तेव्हा पहिलं काम म्हणजे विधेयक वाचा. बातमी नव्हे, ग्रुपवर फिरणारा सारांश नव्हे, मूळ मजकूर. कंटाळवाणा असतो. एखाद्या वकील मैत्रिणीला घेऊन एका बैठकीत उरका. वाचताना पेन्सिलने खुणा करायच्या त्या अशा : परवानगी कोण देतो, आणि तो ज्याला परवानगी हवी त्याच्याच खात्यातला आहे का. ती किती दिवस चालते. नूतनीकरण आपोआप होतं की नव्याने कारण द्यावं लागतं. गोळा केलेली माहिती कधी नष्ट करायची ते लिहिलंय का. चुकून किंवा मुद्दाम भलत्याचा फोन ऐकला तर शिक्षा कुणाला. आणि ज्याच्यावर पाळत होती, त्याला तपास संपल्यावर तरी ते कळणार की नाही. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात, पण ज्याला कळलंच नाही तो दाद कुठे मागणार?

'आम्ही पुनरावलोकन समिती ठेवली आहे' असं उत्तर आलं तर समाधानाने मान हलवू नका, समिती किती आदेश तपासते ते विचारा. भारतात न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. फोन टॅपिंगचे आदेश तपासणारी समिती दोन महिन्यांतून एकदा भरते आणि दर बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. आठ तास न उठता बसलं तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात फाइलीची दोरीसुद्धा सुटत नाही. समिती आहे, सह्या आहेत, शिक्के आहेत, तपासणी मात्र झालेली नाही. तुमच्या विधेयकातली समितीही सरकारी सचिवांचीच असेल तर त्यात एखादा न्यायाधीश आणि विरोधी पक्षाचा एखादा सदस्य मागा. विरोधी पक्षाचा हे ऐकून तुमचे सहकारी दचकतील. त्यांना आठवण करून द्या की पाच वर्षांनी ती खुर्ची तुमच्या पक्षाला लागू शकते.

आणखी एक मागणी अशी आहे की जी पक्षाला तोंड न लपवता मान्य करता येते. कायद्याला मुदत घाला. पेट्रिअट ॲक्टच्या काही कलमांना सुरुवातीला २००५ च्या अखेरपर्यंतच आयुष्य दिलं होतं. मुदत आली की सरकारला पुन्हा सभागृहापुढे येऊन सांगावं लागायचं की हे अजून का हवं. २०१५ मध्ये जो बदल झाला तोही मुदत संपत आली म्हणून झाला, एरवी कोण हात लावतंय. तुम्ही विधेयक थांबवू शकणार नाही. पण तीन वर्षांची मुदत घातली तर तुमच्या सरकारची मान खाली जात नाही आणि पुढे कुणाच्याही राजवटीत वाद पुन्हा उघडायची वाट राहते. सुरुवातीला हेच मागा.

मग पत्र. ग्रुपवर नको. तिथे लिहिलेलं अर्ध्या तासात बाहेर जातं आणि मग विषय पाळतीचा न राहता 'स्क्रीनशॉट कुणी फोडला' हा होतो. कागदावर, तारीख घालून, अध्यक्षांना आणि तुमच्या लोकप्रतिनिधींना. भाषा साधी. मी लिहिलं असतं तर असं :

"आपल्या पक्षाने विरोधात असताना बेकायदा फोन टॅपिंगविरुद्ध जी भूमिका घेतली, ती मला आजही योग्य वाटते. प्रस्तावित विधेयकात न्यायालयीन परवानगीची तरतूद नाही, माहिती नष्ट करण्याची मुदत नाही आणि स्वतंत्र देखरेख नाही. या तीन बाबतीत दुरुस्ती व्हावी आणि कायद्याला तीन वर्षांची मुदत असावी, अशी माझी विनंती आहे. विधेयक मतदानाला येण्याआधी कार्यकारिणीत यावर चर्चा ठेवावी. तोपर्यंत मी या विषयावर बाहेर बोलणार नाही."

यातलं पहिलं वाक्य नीट बघा. जुनी भाषणं नेत्यांच्या तोंडावर फेकायचा मोह होईल, तुमच्या जागी कुणालाही झाला असता. पण टोमणा मारला की माणूस अडून बसतो. 'पक्षाची भूमिका आधीपासून हीच आहे, मी तिच्याच बाजूने बोलते आहे' असं म्हटलं की त्यांना परत यायला पायरी मिळते आणि तुमच्यावर गद्दारीचा शिक्का मारणाऱ्याला आधी स्वतःचीच पत्रकं खोडावी लागतात. शेवटचं वाक्यही मुद्दाम घातलंय. 'तोपर्यंत' या शब्दात वचन आहे आणि इशाराही आहे. वाचणाऱ्याला तो कळतो. आणखी दोघा-तिघांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम, पण ज्यांच्या घरचं पक्षावर अवलंबून आहे त्यांना भरीस घालू नका.

उत्तर आलं नाही किंवा चर्चाच झाली नाही, तर बाहेर बोला. स्वतःच्या नावाने, या एका विषयावर. कुणी विचारेल की मग तुमच्या नेत्याचा राजीनामा हवा का, किंवा रस्त्यांच्या कंत्राटाबद्दल काय मत आहे. त्या वाटेला जाऊ नका. विरोधकांच्या व्यासपीठावर जाऊ नका, ते हार घेऊन उभे असतील. नेत्यांच्या हेतूबद्दल अवाक्षर नको, कलमांबद्दल हवं तितकं. आणि बैठकीत कोण काय बोललं ते बैठकीतच ठेवा. चोरून ऐकण्याविरुद्ध बोलणाऱ्याने दुसऱ्याचं खासगी बोलणं चव्हाट्यावर मांडू नये.

वेळेचं म्हणाल तर विधेयक पास होण्याआधी, मग निवडणूक सहा महिन्यांवर असो की सहा आठवड्यांवर. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये टेलिफोन-इंटरनेटच्या नोंदी साठवण्याचा एक कायदा १४ जुलैला सभागृहात आला आणि १७ जुलैला त्यावर शिक्कामोर्तब झालंदेखील. ज्यांना निवडणुकीनंतर बोलायचं होतं त्यांना बोलायला काही उरलं नाही. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत सत्ताधारी हुजूर पक्षाचेच खासदार डेव्हिड डेव्हिस होते, सोबत मजूर पक्षाचे टॉम वॉटसन. वर्षभरात हायकोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे खटला युरोपच्या न्यायालयात असताना डेव्हिस मंत्री झाले आणि त्यांनी खटल्यातून आपलं नाव काढून घेतलं. माणसं अशीच असतात. खटला चालू राहिला आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये युरोपच्या न्यायालयाचाही निकाल अशा सरसकट साठवणीच्या विरोधात गेला.

त्या पत्रकाराबद्दल मात्र जपून. 'आमच्या सरकारने त्याचा फोन टॅप केला' असं म्हणू नका, तुम्हाला ते ठाऊक नाही. असली गोष्ट सिद्ध करणं तज्ज्ञांनाही जड जातं. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या आरोपांवर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं म्हणता आलं नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, असं समितीने म्हटल्याचं सरन्यायाधीशांनी २०२२ मध्ये सुनावणीत सांगितलं. तेव्हा तुमची मागणी चौकशीची असू द्या, स्वतंत्र चौकशीची. आरोप खोटा असेल तर तुमच्या सरकारलाही त्यातून मोकळं व्हायला मिळेल.

आता किंमत. पद जाऊ शकतं. कार्यक्रमाचं निमंत्रण उशिरा मिळेल, फोटोत कडेला ढकललं जाईल. पोस्टरवर नाव नसेल. हे सोसायची तयारी आहे का ते आधी घरी बसून ठरवा, कारण अर्ध्या वाटेवर माघार घेतली तर पुढच्या वेळी बोलणाऱ्याची वाट तुम्हीच बंद कराल. जर्मनीच्या सबीन लॉयटहॉयसर-श्नारेनबर्गर या केंद्रीय न्यायमंत्री होत्या. घरांमध्ये ध्वनियंत्रं बसवून संशयितांचं बोलणं ऐकण्याची मुभा द्यायची की नाही, यावर १९९५ मध्ये त्यांच्या पक्षाने सदस्यांचं मतदान घेतलं. सदस्यांनी स्पष्ट बहुमताने होकार दिला. ज्या कायद्याला आपला विरोध आहे तो न्यायमंत्री म्हणून आपण मांडू शकत नाही, असं म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं. पक्ष सोडला नाही. १९९८ मध्ये संविधानात दुरुस्ती करून ती मुभा आली, तेव्हा स्वपक्षातल्या दोन ज्येष्ठांना सोबत घेऊन त्या संविधान न्यायालयात गेल्या. ३ मार्च २००४ ला न्यायालयाने त्या कायद्यातला मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. २००९ मध्ये त्याच पक्षाने त्यांना पुन्हा न्यायमंत्री केलं.

तुमच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणत नाही, त्या बाईंना मध्ये तेरा वर्षं वाट पाहावी लागली. पण मतदानात हरल्यावरही त्या पक्षाच्या बैठकांना जात राहिल्या असणार, आणि तिथे त्यांच्याशीही कुणी धड बोललं नसेल. त्या मुलाशी तुम्ही बोलत राहा. मेसेज टाकणाऱ्याला उत्तर देऊ नका.

आणि लेटरहेडचं. पदाच्या लेटरहेडवर देऊ नका. शहर शाखेच्या वतीने परस्पर भूमिका जाहीर केली म्हणून शिस्तभंगाची नोटीस काढायला तेवढं निमित्त पुरतं. साधा कागद घ्या, वर स्वतःचं नाव आणि सदस्य क्रमांक लिहा. दोन प्रती काढा, कार्यालयात स्वतः जाऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.